कोतळूकचे गोपाळराव आणि सुरतचा मांडव

मागच्या गॅदरिंगच्या आधी आमच्या होस्टेलवर जो राडा झाला, तो बहुतेकांना आठवत असेल. विषय काय, तर सांस्कृतिक समितीचा सचिव कोणी व्हायचं! दोन्ही उमेदवार एकाच मजल्यावरचे, मेसमध्ये एकाच टेबलावर जेवणारे. आधी मतदारांच्या यादीत कोणाची नावं घुसवली यावर वाद झाला, मग मीटिंगची जागा ऐनवेळी बदलली म्हणून वाद झाला, आणि शेवटी दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय मोडले. दुसऱ्या दिवशी आमचे एक सर शांतपणे म्हणाले की यात तुम्ही नवीन असं काहीच केलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या दोन माणसांच्या पक्षात शंभर वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं, याच क्रमानं. सरांच्या बोलण्याचा छडा लावायला म्हणून लायब्ररीत गेलो आणि अडकलो. हा लेख त्यातूनच झाला.

त्या दोघांपैकी एकांची ओळख करून द्यायची गरजच नाही. बाहेरगावचा मित्र रत्नागिरीत आला की आपण त्याला थिबा पॅलेस दाखवतो, भाट्याचा समुद्र दाखवतो आणि टिळक आळीत नेऊन लोकमान्यांचं जन्मस्थान दाखवतो. दुसऱ्या माणसाच्या जन्मगावी मात्र आपण कोणालाच नेत नाही. जयगडला फेरीबोटीत बसून पलीकडे तवसाळला उतरलं की गुहागर तालुका लागतो. त्याच तालुक्यात कोतळूक नावाचं गाव आहे. तिथे, आजोळच्या घरी, ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. टिळकांपेक्षा दहा वर्षांनी लहान.

शाळेत आपल्याला दोन ओळी शिकवतात. टिळक जहाल, गोखले मवाळ. जोड्या लावा, दोन मार्क. मवाळ या शब्दामुळे आपली समजूत अशी होते की हा माणूस जरा घाबरट असणार, साहेबापुढे वाकणारा असणार. मीही तसंच समजत होतो.

गोखल्यांचे वडील कोल्हापूरजवळ कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. घरून आलेल्या पैशावर महिना ओढणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. पगाराचा निम्म्याहून जास्त भाग भाऊ पाठवतोय म्हटल्यावर नापास व्हायची सोयच राहत नाही. गोपाळनं १८८१ ला मॅट्रिक आणि १८८४ ला, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. केलं. त्या काळी बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण १८८५ मध्ये तो पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपये पगारावर मास्तर झाला.

याच शाळेत त्यांची टिळकांशी गाठ पडली. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी काढलेलं. पुढे आगरकर आले, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. टिळक गणित शिकवत. गोखलेही गणित शिकवत, शिवाय इंग्रजी, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र. ज्या विषयाला मास्तर नसेल तो विषय गोखल्यांकडे! त्यांनी अंकगणिताचं एक पाठ्यपुस्तकही लिहिलं, आणि ते चांगलं खपलं. आपल्या देशाच्या राजकारणातलं सगळ्यात गाजलेलं भांडण दोन गणिताच्या मास्तरांमध्ये झालं, हे इंजिनिअरिंगच्या मुलांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

भांडणाची सुरुवात राजकारणावरून झालीच नाही, ती संस्थेच्या नियमांवरून झाली. सोसायटीच्या आजीव सभासदांनी आपला सगळा वेळ संस्थेला द्यायचा आणि बाहेरची कमाई करायची नाही, असा टिळकांचा कडक आग्रह होता. गोखल्यांच्या पुस्तकाचे पैसे हा त्यातला एक खडा. त्यातच १८९० मध्ये गोखल्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेव्हा टिळकांनी ते नियमात बसत नाही असं म्हटलं. आगरकरांशी टिळकांचे मतभेद आधीच विकोपाला गेले होते. त्याच वर्षाच्या शेवटी टिळकांनी, स्वतःच्या हातांनी उभारलेल्या संस्थेचा राजीनामा दिला. नियमाच्या दृष्टीनं पाहिलं तर टिळकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण चिटणीसपद घेऊन गोखले काही खिसा भरत नव्हते, लोकांचंच काम करत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असले की भांडण मिटत नाही, हे मला इथे पहिल्यांदा कळलं.

सार्वजनिक सभा म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. १८७० मध्ये स्थापन झालेली ही सभा म्हणजे काँग्रेसच्याही पंधरा वर्षं आधीची पुण्याची राजकीय संस्था. दुष्काळात शेतकऱ्याची स्थिती काय आहे, सारा किती आहे, याची माहिती जमवून सरकारपुढे मांडणं हे तिचं काम. न्यायमूर्ती रानडे तिच्या पाठीशी होते. गोखले रानड्यांना गुरू मानत आणि सभेच्या त्रैमासिकासाठी त्यांच्याकडून आकडेवारी कशी वाचायची, अर्ज कसा लिहायचा हे शिकत. रानड्यांना पसंत पडेपर्यंत मजकूर पुन्हा पुन्हा लिहायचा, अशी ती शिकवणी होती. आपल्या सबमिशनची आठवण येते ना?

१८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरायचं ठरलं आणि शहर दुभंगलं. काँग्रेसच्या मांडवातच दरवर्षी सामाजिक परिषद भरत असे. तिथे विधवाविवाह, बालविवाह वगैरे विषय निघत. टिळकांच्या बाजूचे लोक म्हणाले की ती आमच्या मांडवात नको, तिच्यामुळे सामान्य माणूस काँग्रेसपासून तुटतो. सुधारक म्हणाले की ती इथेच हवी. भांडण इतकं वाढलं की शेवटी रानड्यांनीच माघार घेऊन परिषद दुसरीकडे भरवली. पण त्याच वर्षी जुलैमध्ये सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकपक्षानं बहुमत मिळवलं आणि सभा रानडे-गोखल्यांच्या हातून गेली. गोखल्यांनी चिटणीसपद सोडलं. १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा नावाची वेगळी संस्था काढली आणि गोखले तिचं काम पाहू लागले. एका गावात एकाच कामाच्या दोन संस्था! आणि फायदा कोणाचा? १८९७ मध्ये सरकारनं सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. दोन मांजरांच्या लोण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असतेच.

१८९७ हे वर्ष गोखल्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. वय अवघं एकतीस. साक्ष उत्तम झाली. पण इकडे पुण्यात प्लेग, घराघरात गोऱ्या सोल्जरांच्या झडत्या, आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी विलायतेतल्या वर्तमानपत्रात सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. सरकारनं पुरावा मागितला. ते परत आले तेव्हा टिळक राजद्रोहाखाली अटकेत होते, शहर भेदरलेलं होतं, आणि ज्यांनी पत्रं लिहिली ते पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांना वाटलं असतं तर त्यांची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. त्यांनी नावं सांगितली नाहीत, आरोप मागे घेतला आणि जाहीर, बिनशर्त माफी मागितली. टिळक तुरुंगात जातायत आणि गोखले माफी मागतायत, हे चित्र लोकांच्या मनावर कायमचं ठसलं. भित्रा म्हणून त्यांची जी संभावना झाली ती त्यानंतर कधी पूर्ण पुसली गेली नाही. सिद्ध करता येत नाही ते विधान आपण करायला नको होतं, एवढाच त्यांचा विचार होता. पण गर्दीला एवढं बारीक दिसत नाही.

तरी ते कामाला लागले. १८९९ ला मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले. पुढे फिरोजशहा मेहतांच्या जागी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून बाहेर पडले ते महिना तीस रुपये पेन्शनवर. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकार शिल्लक रकमेचं कौतुक करत होतं. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं की ही शिल्लक गरिबाच्या पोटातून काढलेली आहे. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ नसेल तर मासळी सुकवायची कशी, हे आपल्या किनाऱ्यावर कोणालाही विचारा. तो कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. एकट्या गोखल्यांमुळे झाला असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण दरवर्षी त्याच मुद्द्यावर, त्याच चिकाटीनं बोलणारा माणूस तोच होता. १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला आणि डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. वय ३९.

आता मुख्य गोष्ट. १९०५ ला बंगालची फाळणी झाली आणि काँग्रेसमधलं वातावरण तापलं. टिळक, लजपतराय, बिपिनचंद्र पाल यांचा नवा पक्ष म्हणू लागला की अर्ज पुरे झाले, आता बहिष्कार हवा. मेहता, गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी म्हणत की सनदशीर मार्ग सोडला तर सरकार आपल्याला चिरडेल. मग हा वाद सुटणार कसा? अर्थात अध्यक्ष कोण होतो यावरून! १९०६ ला कलकत्त्याला टिळकांचं नाव पुढे येताच मवाळांनी ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना विलायतेहून बोलावलं. दादाभाईंना विरोध कोण करणार? ते वर्ष निभावलं. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठरावही झाले.

१९०७ चं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. नियम असा की अध्यक्ष स्थानिक स्वागत समितीनं तीन चतुर्थांश बहुमतानं निवडायचा. तेवढं बहुमत नसेल तर निर्णय मध्यवर्ती समितीकडे. झालं! दोन्ही बाजूंनी स्वागत समितीत आपापली माणसं भरायला सुरुवात केली. टिळकांना अध्यक्ष करायचं आणि होऊ द्यायचं नाही, यावरून सप्टेंबरमध्ये नागपूरची सभा धुडगूस होऊन उधळली. मग नोव्हेंबरमध्ये मुंबईत मेहतांच्या घरी मध्यवर्ती समितीची बैठक झाली आणि अधिवेशन नागपूरहून उचलून सुरतेला नेलं गेलं. सुरत म्हणजे मेहतांचा बालेकिल्ला. शिवाय यजमान प्रांतातल्या माणसाला अध्यक्ष करायचं नाही असा संकेत होता, आणि सुरत टिळकांच्याच मुंबई प्रांतात. एका दगडात दोन पक्षी. हा डाव होता हे मान्य करायला हवं, आणि गोखले मेहतांच्या बाजूला होते हेही.

मवाळांनी रासबिहारी घोष यांना अध्यक्ष ठरवलं. मंडालेहून नुकतेच सुटून आलेले लाला लजपतराय अध्यक्ष व्हावेत अशी जहालांची मागणी होती. पण पक्ष फुटू नये म्हणून लालाजींनीच नकार दिला. कलकत्त्याचे चार ठराव पातळ करणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि ठरावांचा मसुदा प्रतिनिधींच्या हाती वेळेवर पडला नाही. मसुद्याचं काम गोखल्यांकडे होतं. संशय वाढायला एवढं पुरलं. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ अध्यक्षांच्या नावाला अनुमोदन द्यायला उठले आणि इतका आरडाओरडा झाला की सभा तहकूब करावी लागली.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी आपल्याला उपसूचना मांडायची आहे अशी चिठ्ठी स्वागताध्यक्षांना पाठवली. उत्तर आलं नाही. घोष अध्यक्षपदावर बसतायत तोच टिळक व्यासपीठावर चढले आणि बोलण्याचा हक्क मागत हाताची घडी घालून उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले नियमबाह्य, टिळक हलेनात. गर्दीतून एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ आणि मेहता दोघांनाही लागला. मग खुर्च्या, काठ्या, पागोटी. काही जण खुर्च्या उगारून टिळकांच्या अंगावर धावले. आणि तेव्हा, हे तिथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकारानं नोंदवून ठेवलं आहे, गोखले टिळकांच्या शेजारी उभे राहिले आणि येणारा हल्ला अडवायला त्यांनी दोन्ही हात पसरले.

लायब्ररीत हे वाचलं तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. ज्या माणसाला अध्यक्ष होऊ द्यायचं नाही म्हणून चार महिने खटपट केली, त्याच माणसापुढे तोच गोखले हात पसरून उभा! सतरा वर्षांचं भांडण त्या क्षणी संपलं होतं असं नाही, उलट पुढे ते जास्तच चिघळलं. पण टिळकांना मार बसू द्यायचा नाही, हे ठरवायला गोखल्यांना क्षणभरही लागला नसावा.

यानंतरची गोष्ट मात्र गोड नाही. टिळकांनी समेटाची तयारी दाखवली, पण मवाळांनी वेगळं अधिवेशन भरवलं आणि पुढे अशी घटना केली की टिळकपक्षाला दार बंद झालं. सहा महिन्यांत, जून १९०८ मध्ये, टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. त्यांच्या मागे उभी राहायला एकसंध काँग्रेस उरली नव्हती. गोखले तेव्हा लंडनला होते, म्हणून शिक्षेत त्यांचाच हात आहे असं पुण्यात लोक बोलू लागले. गोखल्यांचंही नुकसान कमी नव्हतं. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. काही फार मोठं मागणं नव्हतं; ज्या नगरपालिका किंवा लोकल बोर्डांची तयारी असेल त्यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करावी, एवढंच. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बाहेर रस्त्यावर त्या विधेयकासाठी लोकांना उठवू शकणारा माणूस मंडालेच्या तुरुंगात होता. एकाकडे लोक होते, दुसऱ्याकडे आकडे होते. दोन्ही एका जागी असते तर, हा प्रश्न मनातून जात नाही. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

१९१४ मध्ये टिळक सुटले. अ‍ॅनी बेझंट बाईंनी दोन्ही पक्षांना एकत्र आणायचा प्रयत्न केला. गोखले आधी राजी झाले, पण मग टिळक आत येऊन पुन्हा सरकारवर बहिष्काराचंच राजकारण करतील अशी त्यांची खात्री पटली आणि त्यांनी पाठिंबा काढून घेतला. तसं पत्र त्यांनी काँग्रेसच्या अध्यक्षांना लिहिलं. टिळकांनी तो आरोप नाकारला. १९१५ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून पुन्हा जुंपली. मधुमेहानं गोखले पार थकले होते. या शेवटच्या वादात त्यांनी थोडा मोठेपणा दाखवायला हवा होता असं मला वाटतं. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या आजारी माणसावर कसली घाई होती, ते आपल्याला इथे बसून कळणार नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते गड उतरून पुण्यात आले, स्मशानात गेले आणि चितेपुढे बोलले. पंचवीस वर्षं ज्याच्याशी भांडण केलं त्याचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि जमलेल्या तरुणांना सांगितलं की याच्यासारखं काम करा. नंतर मुंबईच्या काँग्रेसनं नियम बदलले आणि १९१६ ला लखनौला टिळक काँग्रेसमध्ये परत आले. सुरतेपासून मोजलं तर नऊ वर्षं. ती एकी पाहायला गोखले नव्हते.

आमच्या होस्टेलचे ते दोन उमेदवार आता पुन्हा एका टेबलावर जेवतात, पण अजून एकमेकांशी बोलत नाहीत. भांडू नका असं मी त्यांना सांगणार नाही. टिळक-गोखले भांडले, तर आपण कोण? फक्त पुढच्या वर्षी यादी करताना आणि मीटिंगची जागा ठरवताना दोघांनी एकदा नागपूर आणि सुरत आठवावं. आणि तरीही खुर्ची उगारली गेलीच, तर कोतळूकच्या गोपाळरावांचे ते पसरलेले हात आठवावेत.

येत्या सुट्टीत आम्ही चार जण तवसाळची फेरीबोट धरून कोतळूकला जाणार आहोत. त्या दोघांनाही बोलावलं आहे. बघू या, येतात का!